शेततळ्यातला परका शिकारी : मांगूर



पावसाळा तोंडावर आला की मासे सोडण्याविषयी विचारणा सुरू होते. "शेततळं भरलं की कोणते मासे सोडू?" असे बरेच जण विचारतात. त्यातलेच काहीजण पुढे हळूच म्हणतात, "साहेब, एक जण मांगूरचं बीज स्वस्तात देतो म्हणतो. मरत नाही, खायला काहीही चालतं, चार-सहा महिन्यांत किलोभर होतो. सोडू का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. सोडू नका. एकही सोडू नका. का सोडू नये, आणि चुकून सोडला गेला असेल तर काय करावे, हे या पत्रकात सविस्तर सांगणार आहे. आपल्या नांदेड-लातूर भागात मागच्या काही वर्षांत जे पाणी आपण कष्टाने उभे केले, त्याच्याशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

एका शेततळ्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात एका शेतकरी भावाने मला आपले शेततळे पाहायला बोलावले. पावसाळ्यात त्याने आठशे बोटुकली सोडली होती, कटला, रोहू आणि मृगळ. बीज देणाऱ्याने वरती "हे फुकट घ्या" म्हणून पन्नास-साठ मिशाळ पिल्ले त्याच डब्यात टाकली. आठ महिने या भावाने तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड टाकली. उन्हाळ्यात पाणी उपसून जाळे ओढले, तेव्हा रोहू-कटला मिळून दोन टोपल्यादेखील भरल्या नाहीत. तळाच्या चिखलात मात्र हातभर लांब, काळपट, गुळगुळीत मासे वळवळत होते.

म्हणतात ना, आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. पेंड घातली रोहूला आणि रोहू गेला मांगूरच्या पोटात.

हा मांगूर कोण, कुठला?

बाजारात याला थाई मांगूर म्हणतात, पण हा मूळचा थायलंडचा नाही. हा आफ्रिकेतला मासा आहे. शास्त्रीय भाषेत त्याला क्लॅरियस गॅरिपिनस म्हणतात. आपल्या देशात तो १९९० नंतरच्या काळात चोरवाटेने आला आणि तळ्यातळ्यांतून पसरला. सन २००० मध्ये केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही कडक आदेश दिले आणि त्यानंतर आपल्या राज्यात मत्स्यव्यवसाय खात्याने ठिकठिकाणची मांगूरची तळी नष्ट केली. म्हणजे मांगूर पाळणे हा नुसता तोट्याचा धंदा नाही, तो बेकायदाही आहे. तळे नष्ट झाले तर गुंतवलेला पैसा बुडतो.

इथे एक खुलासा करतो. आपला देशी मागूर वेगळा. तो याच कुळातला, पण आपल्याच पाण्यातला आहे आणि आकारानेही लहान राहतो. बंदी परक्या मांगूरवर आहे. अडचण अशी की लहानपणी दोघांची पिल्ले सारखीच दिसतात, आणि विकणारा नेहमी "देशीच आहे" म्हणूनच सांगतो.

या माशाच्या चार गोष्टी ध्यानात घ्या.

१. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळा अवयव असतो. त्यामुळे सडक्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तो जगतो. ओल्या चिखलात दडूनही तग धरतो.

२. पावसाच्या रात्री तो पुढच्या परांवर रेटा देत ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. एका तळ्यातून बांध ओलांडून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो.

३. तो मोठा होतो. मोठ्या नद्यांत दीड मीटरपर्यंत लांबी आणि ६० किलोपर्यंत वजन झाल्याच्या नोंदी आहेत.

४. पावसाचे पाणी चढले की काठच्या बुडालेल्या गवतात मादी हजारोंनी अंडी घालते, आणि उबदार पाण्यात ती दीड-दोन दिवसांत फुटतात.

तो खातो काय?

काय खात नाही, असे विचारणे सोपे. किडे, बेडूकमासे, माशांची अंडी, पिल्ले, झिंगे, खेकडे, पाण्यातल्या गोगलगायी, लहान शिंपले, मेलेले जनावर, सगळे चालते. काही ठिकाणी त्याला कत्तलखान्यातले सडके मांस घालून पाळले जात असे. त्याने विहिरी आणि ओढ्यांचे पाणी नासत असे. बंदीमागचे तेही एक कारण आहे.

रोहू-कटल्याचे नुकसान लगेच दिसते, कारण त्याचा पैसा असतो. शिंपल्याचे आणि खेकड्याचे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

ओढ्याच्या डोहात, गावतलावाच्या गाळात जे शिंपले सापडतात, ते नुसते पोरांच्या खेळण्याचे नाहीत. शिंपला एका बाजूने पाणी आत ओढतो, त्यातले बारीक शेवाळ व गाळाचे कण खातो आणि दुसऱ्या बाजूने निवळलेले पाणी बाहेर सोडतो. असे दिवसभर चालते. ज्या तलावात शिंपले भरपूर, त्याचे पाणी निवळ राहायला मदत होते. जनावरे तेच पाणी पितात.

या शिंपल्याची एक गंमत आहे. त्याची पिल्ले जन्मली की थेट गाळात राहू शकत नाहीत. ती जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, काही दिवस तिथे वाढतात आणि मग सुटून तळाला बसतात. म्हणजे देशी मासा नसेल तर शिंपल्याची पुढची पिढीच नाही. मांगूर लहान शिंपले खातो ते वेगळे, आणि शिंपल्याचे पोर वाहून नेणारे मासेही खातो ते वेगळे. अशी दोन्हीकडून तोड होते.

खेकड्याचे तसेच. पहिल्या पावसात बांधावरचे खेकडे धरून आणून घराघरांत कालवण होते. भोई बांधवांच्या आणि गरिबाच्या ताटातले ते फुकटचे, पौष्टिक अन्न. झिंग्यांचेही तसेच. परका शिकारी पाण्यात शिरला की पहिला घास त्यांचाच जातो.

नव्या पाण्याला धोका अधिक

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. त्याच्या मागेपुढे पाण्याची पुष्कळ कामे झाली. जलयुक्त शिवार, मागेल त्याला शेततळे, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार या योजनांतून नाले खोल झाले, पाझर तलावांतला गाळ निघून शेतात पडला, शेततळी झाली. जिथे पाणी टिकत नव्हते तिथे आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकते.

अशा नव्याने जिवंत झालेल्या पाण्यात देशी मासे, शिंपले, खेकडे हळूहळू परत येतात. शेजारच्या ओढ्यातून, नदीच्या पुरातून येतात. ही वस्ती बसायला काही वर्षे लागतात. वस्ती पुरती बसायच्या आत तिथे मांगूर पोहोचला, तर त्याला अडवणारे कोणी नसते. नव्या घरात संसार मांडायच्या आधीच चोर शिरावा, तसे होते.

आणि तो एका तळ्यात थांबत नाही. तुमचे शेततळे सांडव्यावरून वाहिले की पाणी ओढ्याला, ओढा तेरणेला किंवा तावरजेला, तिथून मांजरेला. मांजरा कर्नाटकातून, तेलंगणातून फिरून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. नांदेडकडच्या शिवारातले पाणी तर थेट गोदावरी, मन्याड, पैनगंगेला जाते. लातूरच्या एका शेततळ्यात फुकट मिळाले म्हणून सोडलेले पन्नास मासे गोदावरीकाठच्या भोयाच्या जाळ्यावर घाला घालू शकतात.

परमुलखातला एक धडा

परका शिकारी पाण्यात शिरला की काय होते, हे इतरांनी भोगून पाहिले आहे. युरोपच्या समुद्रकाठचा एक हिरवा खेकडा जहाजांबरोबर अमेरिकेला गेला. १८१७ च्या सुमारास तो तिथल्या पूर्व किनाऱ्यावर आढळला. हा खेकडा शिंपले फोडून खाण्यात पटाईत. तिथल्या मेन नावाच्या राज्यात खाण्याच्या शिंपल्यांवर हजारो कुटुंबांचे पोट होते. १९५० च्या दशकात त्या शिंपल्यांचे उत्पन्न फार घटले, आणि त्यात या खेकड्याचा मोठा हात होता. पुढे १९८९ मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतही पोहोचला. खाडीकाठच्या ज्या खाऱ्या दलदली लोकांनी खर्च करून पुन्हा जिवंत केल्या, त्यांनाही त्याचा उपद्रव होऊ लागला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सीड्रिफ्ट नावाचे एक खाऱ्या पाण्याचे तळे आहे. तिथे शास्त्रज्ञांनी आणि गावकऱ्यांनी मिळून २००९ पासून पिंजरे लावून हे खेकडे काढायला सुरुवात केली. सुरुवातीला सुमारे सव्वा लाख खेकडे होते. चार-पाच वर्षांत ते दहा हजारांच्याही खाली आले. सगळ्यांना वाटले, आता संपले. पण २०१४ मध्ये मोजणी केली तर तीन लाख!

असे का झाले? मोठे खेकडे आपल्याच जातीची पिल्ले खातात. मोठे काढून टाकले, थोडे मात्र शिल्लक राहिले. त्यांनी पिल्ले घातली आणि ती खायला मोठे कोणी उरले नव्हते. त्यामुळे त्यातली पुष्कळ जगली.

मांगूरही आपल्याच जातीची पिल्ले खातो. म्हणून हा धडा आपल्याला लागू आहे. मोठ्या तलावात मांगूर शिरला आणि आपण नुसते मोठे मोठे मासे जाळ्याने काढत बसलो, तर काम अर्धवट राहते आणि उलटूही शकते. परका शिकारी काढायचा तर मुळासकट काढावा लागतो. मोठ्या वाहत्या पाण्यात ते जवळजवळ होत नाही.

आपल्या हातात एक गोष्ट आहे

अमेरिकेतल्या त्या लोकांना समुद्र आटवता येत नव्हता. आपल्याला शेततळे आटवता येते. आपल्याकडचा उन्हाळा, जो एरवी आपल्याला नको असतो, तो इथे उपयोगी पडतो. चैत्र-वैशाखात शेततळे पार कोरडे करून तळाला भेगा पडेपर्यंत वाळू दिले, तर तिथला मांगूर संपतो. मात्र हे काम मृगाच्या आत झाले पाहिजे. एकदा सांडवा वाहिला की मासा हातातून गेला.

म्हणून तुमच्या तळ्यात मांगूर आहे अशी शंका असेल, तर या क्रमाने काम करा.

१. पाणी उपसून पिकाला किंवा झाडांना द्या. पंपाच्या फुटबॉलला बारीक जाळी बांधा. पाणी ओढ्यात किंवा नाल्यात सोडू नका.

२. गुडघाभर पाणी राहिले की बारीक फासाचे जाळे दोन-तीन वेळा ओढा. रोहू-कटला वेगळे काढून विका.

३. उरलेल्या चिखलात मांगूर दडतो. तळ मातीचा असेल तर कडेची बिळे, खड्डे, दगडांच्या कपारी खणून पाहा. प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर फावडे लावू नका. पाटीने चिखल ओढा आणि अस्तराच्या घड्यांत पाहा.

४. डबके पूर्ण आटत नसेल तर मोहाची पेंड वापरा. प्रमाण हेक्टरी एक मीटर पाण्याला २५०० किलो. म्हणजे एक गुंठा डबक्यात फूटभर पाणी असेल तर साडेसात ते आठ किलो पेंड लागते. रात्रभर भिजवून डबक्यात सगळीकडे शिंपडा. किनवट-माहूरकडे मोह आहेच, चौकशी करा. पेंडीचे पुढे खतही होते. पण नुसती पेंड टाकली म्हणजे काम झाले असे समजू नका, तळ कोरडा करणे हाच खरा उपाय. पेंड टाकल्यावर १५ ते २० दिवस नवे बीज सोडू नका. सार्वजनिक तलावात, ओढ्यात किंवा विहिरीत पेंड मुळीच टाकू नका.

५. मातीचा तळ उन्हात वाळू द्या. भेगा पडल्यावर गुंठ्याला दोन ते अडीच किलो चुना पसरा.

६. निघालेला मांगूर जिवंत कुठेही टाकू नका, दुसऱ्याला पाळायला देऊ नका, बाजारात विकू नका. खड्ड्यात चुना टाकून पुरा. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला कळवा. आपण होऊन कळवणारा शेतकरी सगळ्यांचे भले करतो.

बीज घेताना फसू नका

मांगूर आत येतो तो बहुतेक वेळा बीजाच्या डब्यातून. म्हणून तिथेच डोळे उघडे ठेवा.

• बीज शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. पावती घ्या, तीवर जात आणि संख्या लिहून घ्या.

• बोटुकली पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहा. कटला, रोहू, मृगळ यांच्या अंगावर चकचकीत खवले असतात आणि पाठीवरचा पर आखूड असतो. मांगूरच्या अंगावर खवले नसतात, डोके चपटे, तोंडाभोवती लांब मिशांच्या चार जोड्या, आणि पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत गेलेला. साधा नियम असा : खवले नसलेले, लांब मिशांचे पिल्लू दिसले की डबा परत करा.

• "फुकट घ्या", "काहीही खातो", "मरतच नाही" ही वाक्ये ऐकली की सावध व्हा. जो मासा काहीही खातो, तो तुमचे बीजही खातो.

• मातीच्या, चांगल्या पाण्याच्या तळ्यात गुंठ्याला ५० ते १०० बोटुकली पुरे. शंभरात ४० कटला, ३० रोहू, ३० मृगळ असे प्रमाण ठेवा. तीस मीटर लांब-रुंद शेततळ्याला साधारण ४५० ते ९०० बोटुकली होतात.

• पाणी येण्याच्या आणि सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जाळीतला काडीकचरा काढा, नाहीतर पाणी तुंबून बांध फुटेल.

गावाने करायचे काम

शेततळे एकाचे असते, ओढा सगळ्यांचा असतो. दहा जणांनी तळी स्वच्छ केली आणि अकराव्याने मांगूर ठेवला, तर पहिल्या मोठ्या पावसात दहाही जणांची मेहनत वाया जाते. म्हणून उन्हाळ्यात एकदा ग्रामसभेत हा विषय घ्या. कोणाकोणाच्या तळ्यात मासे आहेत याची यादी करा. गावतलाव किंवा पाझर तलाव ठेक्याने घेणाऱ्या संस्थेला बीजाची पावती दाखवायला सांगा. गाळ काढताना शिंपले सापडले तर ते ट्रॅक्टरबरोबर शेतात जाऊ देऊ नका, पोरांना सांगून पाणी असलेल्या डोहात परत सोडा. तेवढे काम शाळेची लेकरेही आनंदाने करतील.

गाजर गवताची आठवण ठेवा. ते बाहेरून आले तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे दिसलेले ते गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे आणि दरवर्षी आपण ते उपटत बसतो. पाण्यातला मांगूर तर उपटताही येत नाही. तो तुमच्या तळ्यात आहे तोवर तुमच्या ताब्यात आहे. ओढ्यात गेला की कोणाच्याच ताब्यात नाही.

तेव्हा या उन्हाळ्यात आपापले तळे एकदा तळापर्यंत पाहून घ्या. मिशाळ मासा निघाला तर मृगाच्या आत तळे वाळवा, आणि ओळखायला शंका वाटली तर मासा घेऊन जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. आपल्या कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाकलेत तरी चालेल, उत्तर जरूर देऊ.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी